पिठांतील भुंगेऱ्याचें नांव : एका प्रजातीची नामचिकित्सा

एकाच वतनाविषयीं दोन सनदा पुढें आल्या म्हणजे संशोधक प्रथम तीन गोष्टी विचारतो. दोहोंपैकीं आधींची कोणती. अस्सल कोणती व नक्कल कोणती. आणि सनदेंत वर्णिलेली जमीन हीच कीं दुसरी. या तीन प्रश्नांचा निकाल लागल्यावांचून वतन कोणाचें हें ठरत नाहीं, मग भोगवटा कितीही जुना असो. प्राणिशास्त्रांत एखाद्या जीवाचें शास्त्रीय नांव ठरवितांना नेमके हेच तीन प्रश्न विचारावे लागतात, ही गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक नसेल. त्या शास्त्राचे जाणते प्रयोगशाळेंत जितका वेळ घालवितात तितकाच जुन्या ग्रंथांच्या छपाईचे सन ताडून पाहण्यांत आणि संग्रहालयांतील पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या वाचण्यांत घालवितात. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका नामनिर्णयाची हकीकत देत आहों. वस्तु अगदीं क्षुद्र, म्हणजे पिठाच्या डब्यांत आढळणारा तांबूस भुंगेरा. परंतु ज्या रीतीनें त्याचें नांव ठरलें ती रीत हस्तलिखितांच्या अभ्यासकांनीं ओळखून ठेवावी अशी आहे.

१. हा भुंगेरा कोणता?

जुनें पीठ, रवा किंवा कण्या चाळतांना तीन-चार मिलिमीटर लांबीचा, चपटा, तांबूस-पिंगट रंगाचा एक किडा चाळणींत राहातो. अख्खा दाणा पोखरणारा सोंडकिडा तो हा नव्हे. याला सोंड नसते, आणि धड कठीण दाणा फोडण्याचें सामर्थ्यहि याच्या जबड्यांत नसतें. फुटलेलें धान्य, कोंडा व पीठ हेंच याचें अन्न. किडे फार झाले म्हणजे त्यांच्या अंगांतून स्रवणाऱ्या द्रव्यामुळें पिठास गुलाबी छटा व उग्र दर्प येतो. शास्त्रज्ञ ज्या प्रजातींत याची गणना करितात तिचें नांव ट्रायबोलियम. ही प्रजाति टेनेब्रिओनिडी नांवाच्या कुलांत पडते. टेनेब्रिओ या लॅटिन शब्दाचा अर्थ अंधारांत दडून राहाणारा, उजेड टाळणारा असा आहे. म्हणून या कुलास आपण काळोखी भुंगेऱ्यांचें कुल म्हणूं. या कुलांत आजवर २०,००० हून अधिक जातींची नोंद झाली असून वाळवंटापासून घरांतील कणगीपर्यंत त्यांचा संचार आहे. पुढच्या व मधल्या पायांच्या पावलांस पांच पांच सांधे आणि मागच्या पायांच्या पावलांस चारच, हें या कुलाचें मोठें ओळखचिन्ह होय.

प्रजाति, जाति आणि कुल हे शब्द येथें पारिभाषिक अर्थानें घ्यावयाचे आहेत. शास्त्रीय नांव दोन शब्दांचें असतें. पहिला शब्द प्रजातीचा; तो आडनांवासारखा अनेकांस समान असतो. दुसरा जातीचा; तो त्या आडनांवाखालीं एकासच लागूं होतो. अनेक प्रजाति मिळून एक कुल होतें.

२. नोंदणीचा आरंभ

प्राण्यांच्या नांवांचा आजचा हिशेब इ. स. १७५८ पासून धरितात. त्या वर्षीं स्वीडनचे पंडित लिनीअस यांच्या ‘सिस्टेमा नातुरे’ या ग्रंथाची दहावी आवृत्ति प्रसिद्ध झाली व तींत प्रत्येक प्राण्यास दोन शब्दांचें नांव देण्याची पद्धति सर्वत्र लागू केलेली होती. त्यापूर्वींचीं नांवें, तीं कितीहि प्राचीन असोत, या दप्तरांत जमा धरीत नाहींत. याच आवृत्तींत टेनेब्रिओ ही प्रजाति आली आणि तींत टेनेब्रिओ मोलिटर, म्हणजे पीठगिरण्यांत आढळणारा मोठा काळा भुंगेरा, नोंदला गेला. मोलिटर म्हणजे पीठ दळणारा.

आमच्या विषयाचा लहान तांबूस भुंगेरा त्या ग्रंथांत नव्हता. तो दप्तरीं आणिला लिनीअसच्या शिष्यानें. योहान क्रिश्चन फाब्रिसिअस हे लिनीअसपाशीं उप्सला येथें शिकले व पुढें कीटकशास्त्राचे मोठे प्रवर्तक झाले. तोंडाच्या अवयवांवरून कीटकांची विभागणी करावी हा त्यांचा सिद्धांत होता. त्यांच्या १७७५ च्या ग्रंथांत डर्मेस्टिस नॅव्हॅलिस असें एक नांव आहे आणि १७८१ च्या ग्रंथांत टेनेब्रिओ फेरुजिनिअस असें दुसरें. पहिल्याचा अर्थ जहाजावरचा, दुसऱ्याचा गंजासारख्या रंगाचा. पुढें १७९७ सालीं बर्लिनचे धर्मोपदेशक व निसर्गाभ्यासक हर्ब्स्ट यांनीं भुंगेऱ्यांवरील आपल्या विस्तृत ग्रंथमालेंत कोलिडियम कॅस्टॅनियम या नांवानें एका किड्याचें वर्णन छापलें. कॅस्टॅनियम म्हणजे चेस्टनट फळाच्या रंगाचा, तपकिरी-तांबूस.

तीन नांवें, आणि तिन्हींस प्रजाति निराळी. डर्मेस्टिस, टेनेब्रिओ, कोलिडियम. यावरून कोणी हे पंडित निष्काळजी होते असें समजूं नये. त्या काळीं प्रजाति थोड्या होत्या व प्रत्येक प्रजातीच्या पोटांत आज निरनिराळ्या कुलांत पडणारे जीव एकत्र कोंबलेले होते. सरकारी दप्तर मोडून त्याचे रुमाल लावण्यापूर्वीं जमाखर्च, महजर व खाजगी पत्रें एकाच गाठोड्यांत असावींत तशी ही अवस्था होती.

३. प्रजातीस नांव मिळालें तें कोठें?

ट्रायबोलियम हें नांव प्रथम छापलें गेलें १८२५ सालीं, लंडन येथें. ग्रंथाचें नांव ‘अॅन्युलोसा जाव्हॅनिका’. कर्ते विल्यम शार्प मॅक्ली. जावा बेटांत टॉमस हॉर्सफील्ड या अमेरिकन वैद्यानें गोळा केलेल्या कीटकांचें तें वर्णन होतें. हॉर्सफील्ड प्रथम डच अमलाखालीं व पुढें इंग्रजांनीं जावा घेतल्यावर त्यांच्या आश्रयानें तेथें हिंडला आणि आपला संग्रह त्यानें लंडनांत ईस्ट इंडिया कंपनीच्या म्यूझियमांत ठेविला. तेथेंच त्याची नेमणूक होऊन १८५९ सालीं मृत्यु येईपर्यंत तो त्या म्यूझियमाची व्यवस्था पाहात होता.

आमच्या वाचकांस हें ठिकाण परकें नाहीं. लेडनहॉल रस्त्यावरील इंडिया हाऊस तें हेंच. भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर १७८५ सालीं प्रसिद्ध करणारे चार्ल्स विल्किन्स त्या वेळीं तेथील ग्रंथालयाचे प्रमुख होते. एका दालनांत हिंदुस्थानांतून गेलेल्या पोथ्या व कागद, दुसऱ्यांत जावाचे भुंगेरे. दोहोंवर चिठ्ठ्या, दोहोंच्या याद्या. कंपनी गेल्यावर तें म्यूझियम १८७९ सालीं मोडलें व त्यांतील वस्तु निरनिराळ्या संस्थांत वांटल्या गेल्या. अशी वांटणी झाली असतां वस्तूबरोबर तिची चिठ्ठी गेली कीं नाहीं यावरच पुढील संशोधन अवलंबून असतें, हें संग्राहकांस सांगावयास नको.

मॅक्ली यांची वर्गीकरणाची कल्पना मात्र विलक्षण होती. सर्व जीवसृष्टि वर्तुळांत मांडलेली असून प्रत्येक वर्तुळांत पांचच गट असतात, आणि त्या प्रत्येक गटाचीं पुनः पांच वर्तुळें होतात, असें त्यांचें मत होतें. इंग्लंडांत कांहीं वर्षें या पंचवर्तुळ-मताचा बराच बोलबाला झाला. नंतर तें सर्वस्वीं टाकून देण्यांत आलें. तरीहि ट्रायबोलियम हें नांव आज चालूच आहे. हें कसें? याच प्रश्नाच्या उत्तरांत आमच्या लेखाचें सार आहे. वर्गीकरण हें मत आहे. नांव हा दस्तऐवज आहे. मत खोटें ठरलें म्हणजे टाकितां येतें. दस्तऐवज एकदां रीतसर प्रसिद्ध झाला कीं तो दप्तरांत राहातो, आणि ज्याच्या हातचा तो झाला त्याचीं इतर मतें कशींहि असलीं तरी त्याची सनद रद्द होत नाहीं.

मॅक्ली यांनीं या प्रजातींत त्या वेळीं एकच जाति घातली होती : हर्ब्स्टची कॅस्टॅनियम. त्यामुळें ट्रायबोलियम हें नांव या एका जातीशीं कायमचें बांधलें गेलें. पाटिलकीची वांटणी झाली तरी शिक्का व नांगर वडील शाखेकडे राहात, तसेंच हें. उद्यां कोणीं या प्रजातीचे दोन किंवा तीन भाग केले तर ज्या भागांत कॅस्टॅनियम असेल त्याच्याकडेच ट्रायबोलियम हें नांव जाईल. इतरांस नवीं नांवें शोधावीं लागतील. इतर ग्रंथकारांनीं याच भुंगेऱ्यांसाठीं स्टीनी, मार्गस अशीं प्रजातिनामें चालविलीं होतीं. तीं मागाहूनचीं म्हणून मागें पडलीं.

४. नांव लिहिण्याची रीत

आज या किड्याचें पूर्ण नांव ट्रायबोलियम कॅस्टॅनियम (हर्ब्स्ट, १७९७) असें लिहितात. त्यांतील कंस हा शोभेचा नाहीं. वर्णन करणाऱ्यानें ती जाति मुळांत दुसऱ्या प्रजातींत घातली होती, हें तो कंस सांगतो. हर्ब्स्टनें कोलिडियम म्हटलें होतें, म्हणून कंस. पुढें ज्या दुसऱ्या जातीचा उल्लेख येणार आहे ती ट्रायबोलियम कन्फ्यूजम; तिचें वर्णन करितांना जॅकलिन द्यु व्हाल यांनीं ती प्रथमपासूनच ट्रायबोलियममध्यें घातली, म्हणून त्यांचें नांव कंसावांचून लिहितात. एवढ्याशा चिन्हावरून जाणत्यास कळतें कीं मूळ नोंद शोधावयाची तर ती कोणत्या नांवाखालीं शोधावी.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. जातीचें नांव विशेषण असेल तर त्यास प्रजातीच्या नांवाचें लिंग घ्यावें लागतें. टेनेब्रिओ हा शब्द पुल्लिंगी, म्हणून फाब्रिसिअसनें फेरुजिनिअस लिहिलें. ट्रायबोलियम नपुंसकलिंगी, म्हणून तेंच नांव इकडे येतांना फेरुजिनियम झालें. नॅव्हॅलिसचें तसेंच नॅव्हॅले होतें. विशेष्याप्रमाणें विशेषण चालवावयाचें हा नियम संस्कृत जाणणाऱ्यांस सांगावयास नकोच. परंतु ज्यास हें ठाऊक नाहीं तो जुन्या याद्यांत फेरुजिनिअस व फेरुजिनियम हीं दोन नांवें पाहून दोन किडे समजतो.

५. निकालाचे नियम

नांवांचा गोंधळ वाढूं लागल्यावर इंग्लंडांत १८४२ सालीं स्ट्रिकलंड यांच्या पुढाकारानें नियमावली तयार झाली. ती करणाऱ्या समितींत चार्ल्स डार्विन हेहि होते. १८९५ सालीं प्राणिनामांचें आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालें व १९०५ सालीं आंतरराष्ट्रीय नियम छापले गेले. १९६१ सालीं नवी संहिता आली आणि तिची चौथी आवृत्ति १९९९ सालीं प्रसिद्ध होऊन १ जानेवारी २००० पासून लागू झाली. नियम पुष्कळ आहेत. आमच्या कामापुरते तीन सांगतों.

पहिला नियम अग्रक्रमाचा. एकाच जीवास दोन नांवें असतील तर आधीं प्रसिद्ध झालेलें खरें. दुसरा नियम मूळ नमुन्याचा. नांव हें वर्णनाच्या शब्दांवर टांगलेलें नसून ज्या प्रत्यक्ष नमुन्यावरून वर्णन केलें त्यावर टांगलेलें असतें. शब्द संदिग्ध असूं शकतात. टांचणीला लाविलेला किडा तोच राहातो. वर्णन वाचून वाद मिटत नसेल तर मूळ नमुना काढून पाहावयाचा, आणि तो दुसऱ्याच जातीचा निघाला तर नांव तिकडे जावयाचें. तिसरा नियम समान नांवांचा. एकाच प्रजातींत तेंच नांव दोन निरनिराळ्या जातींस देतां येत नाहीं; तसें झालें तर मागाहूनचें नांव निरुपयोगी होतें. यांशिवाय, नियमाची अंमलबजावणी केल्यानें रूढ नांव उलथून मोठा घोटाळा होणार असेल तर आंतरराष्ट्रीय मंडळास विशेष निर्णय देण्याचा अधिकार आहे. म्हणजे सनद, अस्सल प्रत, सीमानिश्चय आणि शेवटीं हुजूरचा निकाल, अशी ही सर्व व्यवस्था आमच्या ओळखीचीच आहे.

सनावळीकडेच पाहिलें तर १७७५ व १७८१ हीं वर्षें १७९७ च्या आधींचीं. म्हणून पुष्कळ ग्रंथकारांनीं आमच्या भुंगेऱ्यास नॅव्हॅले म्हटलें, त्याहून अधिकांनीं फेरुजिनियम म्हटलें. विसाव्या शतकाचा तिसरा भाग उलटेपर्यंतच्या शेतकी पुस्तकांत फेरुजिनियम हेंच नांव जागोजाग भेटतें. परंतु नुसता आधींचा सन पुरत नाहीं. त्या सनाच्या नांवाखालीं आहे तो जीव हाच, हें सिद्ध व्हावें लागतें. छाननीअंतीं हीं दोन्ही नांवें बाजूस पडून हर्ब्स्टचें कॅस्टॅनियम मान्य झालें, आणि आज तेंच सर्वत्र चालतें. फेरुजिनियम आतां याद्यांत ‘पूर्वीच्या ग्रंथकारांचें नांव’ म्हणून राहिलें आहे. तात्पर्य, १९२५ सालच्या एखाद्या अहवालांत ट्रायबोलियम फेरुजिनियम असें दिसलें तर हल्लींच्या वाचकानें तो निराळा किडा न समजतां बहुधा कॅस्टॅनियमच समजावा. आणि ‘बहुधा’ हा शब्द आम्ही कां घातला तें पुढील भागांत येईल.

६. गोंधळ हेंच ज्याचें नांव

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आरंभीं जॅकलिन द्यु व्हाल या फ्रेंच अभ्यासकानें युरोपांतील भुंगेऱ्यांच्या प्रजातींवर आपला ग्रंथ भागाभागानें काढिला. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं एका नांवाखालीं वस्तुतः दोन जाति चालल्या आहेत. वेगळ्या काढलेल्या जातीस त्यांनीं कन्फ्यूजम, म्हणजे घोटाळ्यांत पडलेली, असें नांव दिलें. नांव समर्पक आहे. गंमत अशी कीं त्या नांवाच्या सनाविषयींहि घोटाळाच आहे : छापील ग्रंथांत १८६१, १८६३ व १८६८ असे तिन्ही सन आढळतात. खंडशः निघणाऱ्या ग्रंथाचा कोणता भाग कधीं बाहेर पडला हें मुखपृष्ठावरून कळत नाहीं, हा अनुभव आमच्याकडील जुन्या मासिकांच्या फायली लावणाऱ्या प्रत्येकास असेल.

दोन्ही जाति नुसत्या डोळ्यांना सारख्या दिसतात. भिंगाखालीं भेद असा : कॅस्टॅनियमच्या शृंगिकेचे शेवटचे तीन सांधे एकदम जाड होऊन त्यांची गदा बनते, कन्फ्यूजमची शृंगिका टोंकाकडे हळूहळू जाड होत जाते. खालून पाहिलें असतां कॅस्टॅनियमच्या दोन डोळ्यांमधील अंतर एका डोळ्याच्या रुंदीइतकेंच भरतें. कन्फ्यूजममध्यें तें सुमारें तिप्पट असतें. शिवाय कॅस्टॅनियम उडूं शकतो, कन्फ्यूजम उडत नाहीं.

एवढ्या बारीक भेदानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. दोन उदाहरणें देतों. उडणारा किडा एका कोठारांतून दुसऱ्यांत आपण होऊन जातो. न उडणारा पोत्यांबरोबर व माणसाच्या हातानें जातो. तेव्हां कोठार राखणाऱ्यानें कशाचा बंदोबस्त करावा हें नांवावर अवलंबून आहे. दुसरें उदाहरण शिकागोच्या टॉमस पार्क यांचें. त्यांनीं या दोन जाति एकाच पिठांत एकत्र ठेवून वर्षानुवर्षें त्यांची गणति केली व १८४८ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, १९४८ सालीं, निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकत्र ठेविल्यास कालांतरानें एकच जाति उरते. अॅडेलिना नांवाचा सूक्ष्म परोपजीवी पिठांत नसेल तर बहुधा कॅस्टॅनियम टिकतो. तो असेल तर बहुधा कन्फ्यूजम. जीवांच्या स्पर्धेविषयींच्या विवेचनांत हे प्रयोग आजहि आधारभूत मानले जातात. दोन किड्यांचीं नांवें प्रथम वेगळीं झालीं नसतीं तर हा प्रयोग मांडतांच आला नसता. प्रश्नच सुचला नसता. आणि ज्या जुन्या लेखांत दोन्ही जाति फेरुजिनियम म्हणून एकत्र लिहिल्या गेल्या, त्यांतील निरीक्षणें कोणाचीं हें आतां कोण सांगणार? नमुना राखून ठेविला असेल तरच सांगतां येईल. आमच्या ‘बहुधा’चा अर्थ हा.

७. हिंटन यांची फेरतपासणी

त्याच १९४८ सालीं एच. ई. हिंटन यांनीं ट्रायबोलियम प्रजातीचा सर्वांगीण आढावा प्रसिद्ध केला. त्यांनीं जातींचे पांच समूह पाडिले आणि प्रत्येकाचें मूळस्थान कोणतें असावें याचा तर्क केला. कॅस्टॅनियमचा समूह हिंदुस्थानापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रदेशांतला, कन्फ्यूजमचा आफ्रिकेंतला, उरलेल्यांपैकीं एक अमेरिकेंतला, एक मादागास्करचा व एक ऑस्ट्रेलियांतला. म्हणजे आज जगांतील प्रत्येक गिरणींत शेजारीं नांदणारे हे दोन किडे मुळांत दोन निरनिराळ्या खंडांतले, आणि माणसाच्या धान्याबरोबर ते एकत्र आले. हें येणें किती जुनें? मिसर देशांत फॅरो राजांच्या काळच्या थडग्यांतील भांड्यांत ट्रायबोलियमचे अवशेष सांपडल्याचें १९३१ सालीं नमूद झालें आहे. पुराणवस्तु-संशोधकांनीं जुन्या कणग्या व पेवें उकरितांना माती फेंकून देण्यापूर्वीं चाळून पाहावी, याला हें एक कारण आहे.

याच आढाव्यांत एक नवी जाति होती : ट्रायबोलियम फ्रीमनी. हिंटन यांच्यापुढें ती जिवंत नव्हती. एकोणिसाव्या शतकांत कश्मीरमधून गेलेले जुने नमुने तेवढे होते. पेटींत दशकानुदशकें पडलेल्या त्या नमुन्यांकडे पुनः पाहून त्यांनीं ही जाति निराळी असल्याचें ओळखलें. त्यानंतरहि कित्येक वर्षें तो किडा कोणास भेटला नाहीं. अखेर तो जपानांत जिवंत आढळला, व त्याच्या पुनःशोधाची हकीकत नाकाकिता यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केली. कॅस्टॅनियमशीं त्याचा संकर होतो, परंतु संतति वांझ निपजते, असें प्रयोगांनीं दिसून आलें. म्हणजे जवळचा भाऊबंद, पण घराणें वेगळें. शंभर वर्षांपूर्वींची ती पेटी कोणी ‘जुने तांबडे किडे, फार आहेत’ म्हणून रिकामी केली असती, किंवा टांचणीवरची कश्मीरची चिठ्ठी गळून पडली असती, तर जपानांत सांपडलेला जीव कोणता हें ओळखण्याचें साधनच राहिलें नसतें.

उलट बाजूचें एक उदाहरण. उत्तर अमेरिकेंतील एका काळ्या जातीस अभ्यासक ट्रायबोलियम मॅडेन्स म्हणत आले होते. १९६९ सालीं हॅल्स्टेड यांनीं दाखविलें कीं ती मॅडेन्स नसून वेगळीच जाति आहे, आणि तिला ऑडॅक्स असें नांव दिलें. त्या दिवसापासून पूर्वीच्या अमेरिकन लिखाणांतील मॅडेन्स हा प्रत्येक उल्लेख संशयित झाला. हस्तलिखितांत नामसादृश्यानें दोन माणसांचीं चरित्रें एक झालीं म्हणजे जें होतें तेंच येथें झालें; आणि सोडवणूकहि तीच, मूळ साधनाकडे परत जाणें.

८. मत बदलेल, नांव राहील

हिंटन यांचे समूह तरी अखेरचे आहेत काय? नाहींत. अमेरिकेंतील समूह या प्रजातींत ठेवावा कीं अॅफॅनोटस हें लकाँट यांचें जुनें नांव काढून त्याखालीं निराळा करावा याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहे. आतां तर जीवांच्या आनुवंशिक द्रव्याची अक्षरें वाचून नातें ठरवितात; २००८ सालीं कॅस्टॅनियमचें संपूर्ण आनुवंशिक लिखित प्रसिद्ध झालें व हा मान मिळालेला भुंगेऱ्यांतील पहिला जीव तोच. या नव्या साधनानें समूह जुळतील, फुटतील. परंतु त्या सर्व वादांत कॅस्टॅनियम म्हणजे कोण याविषयीं कोणास शंका राहात नाहीं, कारण तें नांव मताला नव्हे तर दस्तऐवजाला बांधलेलें आहे. पायाचा दगड हलत नाहीं म्हणूनच वर भिंत पाडून पुनः बांधतां येते.

९. संग्राहकांस विनंति

शेवटीं आमच्या वाचकांच्या कामाचें थोडेंसें. पोथ्यांस भोंकें पाडणारा किडा हा भुंगेरा नव्हे. तें काम गॅस्ट्रॅलस इंडिकस, स्टेगोबियम पॅनिशियम इत्यादि निराळ्या कुलांतील भुंगेऱ्यांचें आहे. त्यांपैकीं दुसऱ्यास लिनीअसनें १७५८ सालीं डर्मेस्टिस प्रजातींतच घातलें होतें, म्हणजे पोथी पोखरणारा व पीठ खाणारा हे एके काळीं कागदोपत्रीं एकाच घरचे ठरले होते. आज ते वेगळे ओळखतां येतात, म्हणून उपायहि वेगळा योजितां येतो. तेव्हां दप्तरांत किडा सांपडला तर तो चिरडून टाकूं नये. लहान कुपींत घालून त्यावर कोठें, कोणत्या पोथींत, कोणत्या दिवशीं सांपडला हें लिहून ठेवावें व जाणत्यास दाखवावा. तशीच काळजी जुन्या नोंदींची. यादींतलें जुनें नांव चुकीचें वाटलें तरी तें खोडूं नये. शेजारीं नवें लिहावें, आपलें नांव व तारीख घालावी, आणि जुनी चिठ्ठी तिच्या जागीं राहूं द्यावी. आपलें आजचें मत उद्यां बदलेल. चिठ्ठी गेली तर उद्यांच्या संशोधकास मत बदलावयासहि कांहीं उरणार नाहीं.

हर्ब्स्ट, मॅक्ली, जॅकलिन द्यु व्हाल व हिंटन यांनीं एका क्षुद्र किड्यावर एवढे श्रम केले. त्यांतील कित्येकांचीं मतें गेलीं. परंतु प्रत्येकानें आपण काय पाहिलें, कशावरून पाहिलें व केव्हां छापलें हें मागें ठेविलें, म्हणून आज तो निवाडा करितां येतो. आपल्या संग्रहांतील कागदांविषयीं पुढच्या पिढीस असेंच म्हणतां यावें, एवढी इच्छा प्रकट करून हा लेख येथें पुरा करितों.